ढेरी, संप्रेरकं आणि हृदय

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापून आलं. त्यात दोन डॉक्टर होते: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. कुठलाही तक्ता काढा, दोघेही 'नॉर्मल'. पण डेक्सा यंत्राने शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. टिपणात एक मिश्कील खुलासाही होता. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते गाठण्याची धावपळ. दोघांच्या आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या प्रकाराला 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं.

बीएमआयला वजन कळतं, पण ते हाडांचं आहे, स्नायूंचं की चरबीचं, हे कळत नाही. चरबी असलीच तर ती मांड्यांवर आहे, पोटाच्या कातडीखाली आहे की आत आतड्यांभोवती, याचा तर त्याला पत्ताच नसतो. हृदयाचं बरंवाईट मात्र बरंचसं यावरच ठरतं. कारण चरबी नुसती पडून राहत नाही, ती रक्तात संप्रेरकं सोडते. ती कुठे साठली आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, त्यानुसार या संप्रेरकांचा मेळ बिघडतो.

चरबी म्हणजे जास्तीच्या खाण्याचा साठा, बाकी काही नाही, अशी समजूत विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक डॉक्टरांचीही होती. ती मोडली उंदरांमुळे. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन लॅबोरेटरी आहे. संशोधनासाठी उंदरांचे वाण वाढवण्याचं काम तिथे चालतं. १९४९च्या सुमारास तिथे विलक्षण लठ्ठ उंदीर निपजले. खायला बसले की थांबायचंच नाही. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी असा एक लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर यांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून पाहिलं. लठ्ठ उंदराचं खाणं आटोक्यात आलं आणि वजन उतरलं. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात 'आता पुरे' असं सांगणारं काहीतरी होतं आणि लठ्ठ उंदराकडे नेमकं तेच नव्हतं.

ते काय, हे कळायला १९९४ साल उजाडलं. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्यामागचं जनुक शोधून काढलं. त्यापासून बनणाऱ्या संप्रेरकाला लेप्टिन म्हणतात. खरी गंमत पुढे आहे. हे लेप्टिन मेंदूत बनत नाही, ते मुख्यतः बनतं चरबीच्या पेशीत. ज्या चरबीला आपण निव्वळ साठा समजत होतो, ती एक ग्रंथी निघाली. शिवाय लठ्ठ माणसात ती शरीरातली सगळ्यात मोठी ग्रंथी असते.

लेप्टिनचं काम असं: अंगात चरबी जितकी जास्त, तितकं रक्तात लेप्टिन जास्त. मेंदूला त्यावरून साठ्याचा अंदाज येतो आणि भूक त्याप्रमाणे कमीजास्त होते. शोध लागल्यावर साहजिकच सगळ्यांना वाटलं, लेप्टिनचं इंजेक्शन द्यायचं की लठ्ठपणा गेला. अॅमजेन या कंपनीने त्याच्या हक्कासाठी दोन कोटी डॉलर मोजले. काही मुलांच्या बाबतीत हे खरंही ठरलं. १९९७ साली केंब्रिजमध्ये स्टीफन ओरॅहिली आणि सदफ फारुकी यांच्या गटाला जन्मतः लेप्टिनच नसलेली दोन मुलं सापडली, सख्खी नव्हेत, पण नात्यातली भावंडं. ती अतोनात लठ्ठ होती आणि त्यांची भूक भागतच नव्हती. अशा मुलांना लेप्टिन दिल्यावर त्यांच्यात जो फरक पडला, तो वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच दिसतो. पण अशी मुलं जगात मोजकीच. एरवीच्या लठ्ठ माणसात लेप्टिन कमी नसतंच, उलट भरपूर असतं. मेंदू त्याला दाद देईनासा झालेला असतो, त्यामुळे वरून आणखी लेप्टिन देऊन उपयोग होत नाही.

हृदयाचा संबंध इथून सुरू होतो. मेंदू लेप्टिनच्या भुकेबद्दलच्या संदेशाला दाद देत नाही, पण लेप्टिनचं आणखी एक काम असतं आणि ते बंद पडत नाही. लेप्टिन मेंदूतून अनुकंपी मज्जासंस्थेला चेतवतं. घाबरलो की छाती धडधडते, ती याच मज्जासंस्थेमुळे. तिच्या तारा मूत्रपिंडापर्यंत जातात. त्या सतत चेतलेल्या राहिल्या की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. म्हणजे भूक आवरायचं सोडून दिलेलं लेप्टिन बीपी वाढवायचं मात्र सोडत नाही.

याचा पुरावा कुठून मिळाला, तर त्या जन्मतः लेप्टिन नसलेल्या रुग्णांकडून. ते इतके लठ्ठ, की त्यांना उच्च रक्तदाब असायलाच हवा. तसा तो नसतो. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या विषयातला इतका बोलका पुरावा मला दुसरा दिसत नाही. वजनाच्या ओझ्याने बीपी वाढतं असं आपण सहज म्हणून जातो, पण ओझं तेवढंच राहून संप्रेरक नसेल तर बीपी वाढत नाही.

बीपी वाढवण्याचा चरबीकडे आणखी एक मार्ग आहे. अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं, पण चरबीच्या पेशीही ते बनवतात. त्यापासून पुढे रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार होतं. आपल्याकडे कितीतरी घरांत रोज सकाळी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनची गोळी घेतली जाते. ती याच साखळीत आडवी येते.

पण लेप्टिनएवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. आता चरबीचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरू.

निरोगी चरबी काचपट्टीवर पाहिली तर रिकाम्या, पातळ काठाच्या गोल घरांची जाळी दिसते. प्रत्येक घर म्हणजे एक पेशी. मधली जागा मोकळी दिसते, कारण तिथला तेलाचा थेंब काचपट्टी तयार करतानाच्या रसायनांत विरघळून गेलेला असतो. पेशीचं केंद्रक आणि बाकीचा सगळा संसार काठाशी चेपून बसलेला. दोन घरांमध्ये बारीक केशवाहिन्या.

आता पोट सुटलेल्या माणसाच्या आतड्यांभोवतीच्या चरबीचा तुकडा घ्या. घरं मोठी झालेली आहेत, काही तर मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही मोठी. रक्तवाहिनीतून प्राणवायू झिरपून जाऊ शकतो तो जवळपास एवढंच अंतर. पेशी त्याहून फुगली की तिचा जीव गुदमरू लागतो. मग मधूनच एखादी पेशी मरते आणि तिच्याभोवती गडद ठिपक्यांचं कडं दिसू लागतं. ते ठिपके म्हणजे भक्षकपेशी, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी एक जात. मेलेल्या पेशीतून गळणारं तेल गिळायला त्या जमलेल्या असतात. शास्त्रज्ञ या कड्याला मुकुटाची उपमा देतात. २००३ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच सुमारास दाखवलं की लठ्ठपणात चरबीमध्ये या भक्षकपेशींची गर्दी होते. सडपातळ माणसाच्या चरबीत एकूण पेशींपैकी जेमतेम दहा टक्के पेशी त्या असतात, अतिलठ्ठ माणसाच्या चरबीत त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं.

एक बाजूची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती विलक्षण आहे. मोठेपणी आपण लठ्ठ होतो तेव्हा चरबीच्या पेशींची संख्या वाढते की असलेल्या पेशी फुगतात? स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या किर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याचं उत्तर अणुबॉम्बच्या मदतीने शोधलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ एकदम वाढलं आणि मग वर्षागणिक कमी होत गेलं. पेशी ज्या वर्षी जन्मते, त्या वर्षाच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएमध्ये बंद होतो. म्हणजे पेशीवर तिचं जन्मसाल कोरलेलं असतं. त्यावरून कळलं की पेशींची संख्या लहानपणी आणि पौगंडावस्थेत ठरते. पुढे दरवर्षी दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. मोठेपणी वजन उतरलं तरी संख्या घटत नाही, पेशी फक्त लहान होतात. पण हृदयासाठी हे 'फक्त' फार मोलाचं आहे. लहान पेशीला प्राणवायू पोचतो, ती मरत नाही आणि तिच्याभोवती कडं जमत नाही.

आता या भक्षकपेशी करतात काय? जखम झाली की जे करतात तेच, सूज आणतात. ही सूज पाय सुजतात तशी डोळ्यांना दिसणारी नव्हे. ना ताप, ना दुखणं, ना ठणका. पण धगधग आतल्या आत वर्षानुवर्षं चालू राहते. भक्षकपेशी रक्तात टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असे दाहकारक रेणू सोडतात. चरबीतून टीएनएफ-अल्फा निघतो आणि तो इन्सुलिनच्या कामात खोडा घालतो, हे बोस्टनच्या गोखन होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी १९९३ सालीच उंदरांमध्ये दाखवलं होतं, म्हणजे लेप्टिन सापडण्याच्याही आधी. इंटरल्यूकिन-६ यकृताला पोचलं की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवू लागतं. रक्ताच्या रिपोर्टवर 'एचएस-सीआरपी' असं दिसतं ते हेच.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर याचा परिणाम होतो. हे अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. ते निरोगी असलं तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने धमनी सैल राहते आणि रक्तातल्या पेशी तिला चिकटत नाहीत. दाहकारक रेणूंच्या माऱ्यात ते चिकट होतं. कोलेस्टेरॉलचे कण अस्तराखाली शिरतात, त्यांना गिळायला इथेही भक्षकपेशी येतात, फुगतात, मरतात आणि हळूहळू तिथे थर जमतो. अशा थरावरचं पातळ आवरण एक दिवस फाटतं आणि तिथे रक्ताची गुठळी बनते, तोच हार्ट अटॅक. इथेही चरबीचा हात असतो. ती पीएआय-१ नावाचं प्रथिन सोडते. शरीराची गुठळी विरघळवण्याची जी स्वतःची व्यवस्था आहे, तिला हे प्रथिन अडवतं. म्हणजे थर जमायला मदत, फाटायला मदत आणि वर गुठळी टिकायलाही मदत.

सूज खरोखर कारण आहे की नुसती सोबतीण, असा संशय बरीच वर्षं होता. २०१७ साली 'कँटोस' या चाचणीने तो बराच दूर केला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या १०,०६१ रुग्णांवर ती झाली. कॅनाकिनुमॅब हे औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, ते फक्त सूज आणणाऱ्या एका रेणूला बांधून ठेवतं. तरी त्याच्या मधल्या मात्रेने पुढचा हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. औषध महाग आणि त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ते हृदयरोगासाठी रुळलं नाही. पण मुद्दा सिद्ध झाला.

चरबी नुसती वाईटच संप्रेरकं सोडते असं नाही. अॅडिपोनेक्टिन हे तिचं गुणी संप्रेरक. १९९५-९६च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानच्या ओसाका विद्यापीठात ते वेगवेगळं सापडलं. रक्तात ते लेप्टिनच्या हजारपट प्रमाणात असतं. ते स्नायूंना आणि यकृताला साखर-चरबी जाळायला लावतं, धमनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करतं, सूज शमवतं. आणि त्याची चाल उलटी आहे: चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, पण अॅडिपोनेक्टिन घटतं. फुगलेल्या, सुजलेल्या पेशीला ते बनवणं जमत नाही.

त्याच ओसाका विद्यापीठातल्या युजी मात्सुझावा यांचा गट पोटातली चरबी सीटी स्कॅनने मोजण्यात अग्रेसर होता. त्यांनी सुमो पैलवानांचंही स्कॅन केलं. एवढे अगडबंब देह, पण रोज कसून मेहनत करणाऱ्या पैलवानांची चरबी बहुतेक कातडीखाली होती, आतड्यांभोवती थोडीच. त्यांची साखर आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, हीही ठीक होती.

अॅडिपोनेक्टिनबद्दल मात्र हात राखूनच बोललं पाहिजे. ते रक्तात जास्त असलेल्या पुरुषांना हार्ट अटॅक कमी येतात, असं पाहण्यांतून दिसलं. पण ज्यांच्यात ते जनुकांमुळेच जन्मापासून जास्त असतं, त्यांना हृदयविकारापासून तसं संरक्षण मिळताना दिसत नाही. आणि ज्यांचं हृदय आधीच थकलं आहे, अशा रुग्णांत तर ते जास्त असणं हे वाईट लक्षण ठरतं. तेव्हा अॅडिपोनेक्टिनला चरबीच्या तब्येतीचा निदर्शक मानावं, त्याहून जास्त नको. बाजारात 'अॅडिपोनेक्टिन वाढवणारी' म्हणून पुड्या आणि काढे विकले जातात, त्यांच्या मागे लागू नये हे बरं.

आता प्रश्न असा की पोटातल्या चरबीचंच एवढं काय? कातडीखालची चरबी हा शरीराने ठेवलेला सुरक्षित साठा आहे. कणगी भरली की धान्य ओसरीवर, माजघरात, मिळेल तिथे ओतावं लागतं, तसं या साठ्याची जागा संपली की जास्तीची चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत आणि हृदयाभोवती जाऊन बसते. आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त सरळ यकृताकडे जातं. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं आणि दाहकारक रेणू सगळ्यात आधी यकृतावर जाऊन आदळतात. यकृत मग ट्रायग्लिसराइड्स बनवून रक्तात सोडतं, साखर बनवणं थांबवत नाही आणि स्वतःही चरबीने भरत जातं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून येतं ते बहुतेक वेळा याच वाटेने.

कणगीच नसली तर काय होतं, तेही निसर्गाने दाखवून ठेवलं आहे. लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात कातडीखाली चरबी जवळपास बनतच नाही. ही माणसं सडपातळ दिसतात, पण त्यांना लहान वयात मधुमेह होतो, यकृत चरबीने भरतं आणि ट्रायग्लिसराइड्स भयंकर चढतात. चरबी नसल्यामुळे चरबीचे आजार! उलट बाजूने २००४ सालचा अमेरिकेतला एक प्रयोग पाहा. १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची, म्हणजे कातडीखालची, दहा किलोच्या आसपास चरबी लायपोसक्शनने काढून टाकली. काही आठवड्यांनी तपासलं तर बीपी, साखर, इन्सुलिनचं काम, सीआरपी, अॅडिपोनेक्टिन, काही म्हणता काही सुधारलं नव्हतं. उरलेल्या पेशी तेवढ्याच फुगलेल्या आणि आतली चरबी जागच्या जागी. चरबी कमी करण्याचा खर्चिक शॉर्टकट म्हणून लायपोसक्शनचा विचार करणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. त्याने आकार बदलतो, आजार नाही.

आणि आता प्रत्यक्ष हृदय. निरोगी हृदयावरही चरबीचा थर असतो, त्याचा साधारण ८० टक्के पृष्ठभाग तिने झाकलेला असतो. कोरोनरी धमन्या या चरबीतूनच वळणं घेत जातात. बाकी अवयवांच्या चरबीपेक्षा हिची गोष्ट वेगळी. हिच्यात आणि हृदयाच्या स्नायूत कुठलाही पडदा नाही. दोघांना रक्तपुरवठाही एकाच केशवाहिन्यांच्या जाळ्यातून होतो. एरवी ही चरबी हृदयाला इंधन पुरवते, धक्क्यांपासून सांभाळते. पण ती फुगली आणि सुजली की तिचे रेणू सगळ्या शरीरातून फिरून यायची गरज नसते, शेजारच्या धमनीत आणि स्नायूत ते थेट झिरपतात. २००३ साली बायपासच्या रुग्णांच्या हृदयावरची चरबी आणि त्यांच्याच पायाच्या कातडीखालची चरबी शेजारी शेजारी तपासली गेली. हृदयावरच्या चरबीत दाहकारक रेणू कितीतरी जास्त सापडले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर असा थर असला की एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित ठोक्यांचा विकार, जडण्याचा संभवही वाढतो.

संदेश एकाच दिशेने जातात असंही नाही. ऑक्सफर्डच्या चारालाम्बोस अँटोनियाडेस यांच्या गटाने दाखवलं आहे की धमनी आतून सुजली की तिच्याभोवतीची चरबी पातळ, पाणीदार होते आणि हा बदल सीटी स्कॅनमध्ये ओळखता येतो. धमनी अरुंद होण्याआधीच तिची सूज अशी शेजारच्या चरबीत वाचता येते.

लठ्ठपणात हृदयाचा एक त्रास फार वेळ लपून राहतो. हृदय आकुंचन नीट पावतं, टूडी इकोत 'ईएफ ६० टक्के' असं छान लिहून येतं, पण ते सैल पडत नाही. ताठ झालेलं असतं. जिना चढताना धाप लागते आणि घरातले म्हणतात, "वजन वाढलंय, दुसरं काय!" हे हार्ट फेल्युअरच असतं, फक्त वेगळ्या जातीचं. आणखी एक फसगत अशी की हार्ट फेल्युअर ओळखण्यासाठी बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी करतात, आणि लठ्ठ माणसात ती अपेक्षेपेक्षा कमी येते. त्यामुळे धाप आहे आणि रिपोर्ट नॉर्मल, एवढ्यावर लठ्ठ रुग्णाने निश्चिंत होऊ नये.

पुण्याकडे पुन्हा वळावं लागतं, कारण आपल्या लोकांबद्दलचा सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग तिथे आहे. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. आपल्या बाळांच्या पोटातले अवयव आणि स्नायू बारीक होते, पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, चिमट्यात पकडून मोजलेली चरबी तेवढी घटलेली नव्हती. बारीक दिसणारं, पण आतून चरबी राखणारं बाळ. पुण्याच्याच आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तेव्हा आपल्या बाळांमध्ये वजनाच्या मानाने लेप्टिन आणि इन्सुलिन जास्त निघालं. आईच्या पोटात अपुऱ्या पोषणावर वाढलेलं शरीर स्नायूंवर काटकसर करतं, चरबीवर नाही, असा याचा एक अर्थ लावला जातो. शिवाय दक्षिण आशियाई माणसाच्या कातडीखाली चरबी साठवायला जागाच कमी आणि म्हणून ती लवकर आत वळते, असंही मानलं जातं.

म्हणूनच भारतीयांसाठीच्या मर्यादा वेगळ्या आहेत. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी ठरवलं की बीएमआय २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा. पाश्चात्त्य तक्त्यांत लठ्ठपणाचा आकडा ३० आहे. कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, कंबरही मोजली गेली. तिच्यानुसार देशातल्या जवळपास ४० टक्के स्त्रियांना आणि १२ टक्के पुरुषांना पोटाचा लठ्ठपणा आहे. बायकांचा आकडा इतका मोठा असूनही हार्ट अटॅक म्हणजे पुरुषांचं दुखणं ही समजूत आपल्याकडून जात नाही.

उपायांचं काय? चालणं, पोहणं, सायकल, काहीही नियमित केलं की आतड्यांभोवतीची चरबी आधी उतरते, काट्यावर वजन फारसं हललं नाही तरी. वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं की बीपी, साखर आणि ट्रायग्लिसराइड्स खाली येतात. अॅडिपोनेक्टिन जरा हट्टी, ते दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्याशिवाय सहसा वर येत नाही.

औषधांमध्ये सेमाग्लुटाइडची चर्चा सगळीकडे आहे आणि २०२५ पासून वजनासाठी ते भारतातही मिळू लागलं आहे. २०२३ची 'सिलेक्ट' चाचणी १७,६०४ जणांवर झाली. सगळे पंचेचाळिशीपुढचे, हृदयरोग असलेले, वजन जास्त, पण मधुमेह नसलेले. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांचं प्रमाण औषध न मिळालेल्यांत ८ टक्के, मिळालेल्यांत ६.५ टक्के. सीआरपीही ठळक उतरला. मला त्यातला मोलाचा भाग वाटतो तो नंतर झालेल्या विश्लेषणाचा: सुरुवातीच्या काही महिन्यांत वजन किती उतरलं, यावर हृदयाला मिळणारा फायदा अवलंबून नव्हता, पण कंबर जितकी उतरली, तितका फायदा वाढत गेला. एकूण फायद्याचा साधारण तिसरा भाग कंबरेच्या घटीतून आला असं गणित आहे. उरलेला कुठून आला यावर वाद चालू आहे. हे इंजेक्शन डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, मैत्रिणीने घेतलं म्हणून किंवा लग्नाआधी बारीक व्हायला म्हणून घेण्याचं नाही. बंद केलं की वजन बहुतेकांचं परत येतं, हेही आधीच समजून घ्यावं.

शेवटचं काम तुमच्याकडे. आपल्याकडे वजन कधीही, कुठेही करून बघितलं जातं, कंबर मात्र शिंप्याकडे मोजली जाते, आणि तीही पँटच्या पट्ट्यावर, म्हणजे ढेरीच्या खाली. तसं नको. अंगावरचा कपडा वर करा, पाय जरा फाकवून सरळ उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ, दोन्ही बोटांनी चाचपा आणि बरोबर मधोमध टेप धरा. टेप मागूनपुढून आडवा, ना सैल, ना आवळलेला. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. तो तुमच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल, किंवा पुरुष असून ९० आणि स्त्री असून ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर वजन नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका. बीपी, उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल करून घ्या आणि डॉक्टरांना भेटा. घरातल्या बारीक दिसणाऱ्यांचीही कंबर मोजा.